डॉस कुणाची? क्यूडॉस ०.१० आणि तिच्याभोवतीच्या दंतकथा

ई-मेल नवी होती तेव्हा आपल्याकडे एक मजकूर वर्षानुवर्षं पुढे ढकलला जात होता. विंडोजमध्ये ‘कॉन’ (सी-ओ-एन) नावाचं फोल्डर तयार करता येत नाही, हा शोध म्हणे एका भारतीयाने लावला आणि खुद्द बिल गेट्सलाही त्याचं कारण सांगता आलं नाही! दुसऱ्या पाठभेदात शाळेतली पोरं गेट्सना ‘कॉन’ म्हणून चिडवायची, म्हणून त्यांनी या नावावर बंदी घातली. फोल्डर तयार होत नाही एवढंच यात खरं. कॉन म्हणजे कन्सोल, अर्थात कीबोर्ड आणि पडदा. विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपीवरच्या साऱ्या फायली एकाच यादीत असत आणि उपकरणांची नावंही फायलींच्या नावांसारखीच वापरता येत. कॉनवरून एखाद्या फाइलमध्ये कॉपी करा असं सांगितलं की कीबोर्डवर टाइप केलेलं त्या फाइलमध्ये उतरे. मार्च १९८३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने फोल्डर आणले, तेव्हा जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवावी लागली. विंडोज तोच नियम अजून पाळते.

डॉसबद्दलच्या दंतकथांपैकी ही सगळ्यांत निरुपद्रवी. बाकीच्या तिच्या जन्माबद्दल आहेत आणि त्यांत कुणाला देव, कुणाला चोर, तर कुणाला वेंधळा ठरवून टाकलेलं आहे.

गैरसमज : डॉस बिल गेट्सने लिहिली.

लिहिली टिम पॅटरसन या चोविशीतल्या अभियंत्याने, आणि तेव्हा तो मायक्रोसॉफ्टमध्ये नव्हता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात रॉड ब्रॉक यांची सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाची छोटी कंपनी होती. तिचा धंदा सर्किट बोर्ड विकण्याचा. पॅटरसनने इंटेलच्या नव्या १६-बिट ८०८६ प्रोसेसरवर चालणारा बोर्ड तयार केला आणि नोव्हेंबर १९७९ पासून तो बाजारात गेला. मायक्रोसॉफ्टची बेसिक भाषा त्यावर चालत होती, पण ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. त्या काळी छोट्या संगणकांवर राज्य होतं डिजिटल रिसर्चच्या सीपी/एमचं. तिची ८०८६ साठीची आवृत्ती येणार येणार म्हणून सगळे वाट पाहत होते, आणि ती येत नव्हती. वरवंट्याविना पाटा कोण विकत घेणार? बोर्ड खपेनात.

म्हणून एप्रिल १९८० मध्ये पॅटरसन स्वतःच ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला बसला. ऑगस्टमध्ये ०.१० ही आवृत्ती बोर्डाच्या गिऱ्हाइकांच्या हाती गेली. नाव होतं क्यूडॉस : क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे झटपट उरकलेली, ओबडधोबड. मालाला इतकं प्रामाणिक नाव देणारी कंपनी विरळाच. डिसेंबरपर्यंत आवृत्ती ०.३ वर गेली आणि नाव ८६-डॉस असं जरा सभ्य झालं.

आवृत्तीचा आकडा एकच्या खाली आहे म्हणून ही कुणाच्या टेबलावरची खासगी चाचणी होती असं समजू नये. ती पैसे घेऊन विकली जात होती. अपुरी होती हे मात्र खरं, आणि अपुरेपणाच्या खुणा पुढे कायमच्या झाल्या. एडलिन हा एकेक ओळ दुरुस्त करायचा एडिटर पॅटरसनने दोन आठवड्यांत, तात्पुरता म्हणून लिहिला. तो डॉसबरोबर दहा वर्षांहून जास्त काळ फिरत राहिला. नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला जाऊन ज्यांनी डॉस घोकली, त्यांच्यातल्या काहींना एडलिनचा छळ अजून आठवत असेल.

गैरसमज : डॉस म्हणजे सीपी/एमची चोरलेली नक्कल.

हा आरोप सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चिवट. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही.

पॅटरसनला सीपी/एमसारखीच वागणारी सिस्टिम हवी होती आणि त्याने ते कधी लपवलं नाही. हिशेब साधा होता. जुन्या ८०८० प्रोसेसरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचं ८०८६ साठी जवळजवळ यांत्रिक रूपांतर करता येतं, अशी इंटेलची रचनाच होती. रूपांतरित प्रोग्रॅमला खालची सिस्टिम ओळखीची वाटली, तर सीपी/एमवरचं भरपूर सॉफ्टवेअर या बोर्डावर आणणं सोपं होणार होतं. म्हणून सीपी/एमच्या छापील माहितीपुस्तिकेतून पॅटरसनने सेवांचे क्रमांक आणि त्या मागवण्याची पद्धत उचलली. पडद्यावर मजकूर छापायची सेवा दोन्हीकडे नवव्या क्रमांकाची, आणि मजकूर संपल्याची खूण दोन्हीकडे डॉलरचं चिन्ह. ड्राइव्हला ए, बी ही अक्षरं देणं आणि फाइलचं नाव आठ अधिक तीन अक्षरांचं ठेवणं हेही तिथलंच. सीपी/एमचे जनक गॅरी किल्डॉल यांना राग आला तो यामुळे, आणि तो समजण्यासारखा आहे.

पण आतलं यंत्र वेगळं आहे. फायली डिस्कवर कुठे ठेवल्या याची नोंद सीपी/एम प्रत्येक फाइलच्या नोंदीतच ठेवत असे. पॅटरसनने ते सोडून संपूर्ण डिस्कचा एकच तक्ता ठेवला. हाच तो फॅट, म्हणजे फाइल अ‍ॅलोकेशन टेबल. ही कल्पनाही त्याची नव्हे. १९७७ च्या सुमारास मार्क मॅकडोनल्ड यांनी मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकसाठी ती वापरली होती आणि पॅटरसनला ती तिथे दिसली. सीपी/एम फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजे, ८६-डॉस अचूक बाइटमध्ये मोजू लागली. सॉफ्टवेअर-चोरीच्या खटल्यांत तज्ज्ञ म्हणून काम करणारे बॉब झाइडमन यांनी २०१२ मध्ये दोन्हींच्या कोडची तुलना प्रसिद्ध केली. त्यांना कोड उचलल्याचा पुरावा मिळाला नाही.

माझ्या मते मांडणी किल्डॉलची, फाइलव्यवस्थेची कल्पना मॅकडोनल्डची आणि कोड पॅटरसनचा, ही वाटणी न्याय्य ठरेल. ‘नक्कल’ म्हणायचं तर दिसण्यापुरतं म्हणा. ‘चोरी’ म्हणायला आधार नाही.

गैरसमज : आयबीएमची माणसं दारात उभी होती आणि किल्डॉल मजेत विमान उडवत होता.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत फार लाडकी आहे. आयबीएमला आपल्या नव्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती आणि त्यासाठी तिचे जॅक सॅम्स आधी मायक्रोसॉफ्टकडे गेले होते. ऑपरेटिंग सिस्टिम हा आमचा धंदा नाही म्हणून गेट्सनेच त्यांना कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हला, डिजिटल रिसर्चकडे पाठवलं. ऑगस्ट १९८० मध्ये ही मंडळी तिथे पोचली. किल्डॉल त्या सकाळी विमानाने गेले होते ते बिल गॉडबाउट या व्यावसायिकाला भेटायला, कामासाठी. कंपनीचा व्यवहार त्यांच्या पत्नी डोरोथी पाहत. आयबीएमने पुढे केलेला गुप्ततेचा एकतर्फी करार पाहून त्या आणि त्यांचे वकील अडले. कुणीही शहाणा वकील अडला असता. दुपारी किल्डॉल परतल्यावर काय बोलणं झालं, याबद्दल दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत.

शिवाय गोष्ट तिथे संपत नाही. पुढे किल्डॉल यांनी कायद्याचा इशारा दिला, तेव्हा आयबीएमने आपल्या पीसीसाठी सीपी/एम-८६ सुद्धा विकायचं कबूल केलं. विकलीही. तिची किंमत २४० डॉलर, डॉसची ४०. गिऱ्हाइकाने काय उचललं हे सांगायला नको. सीपी/एमचा पराभव विमानापेक्षा या किमतीने केला.

गैरसमज : गेट्सने ५० हजार डॉलरला डॉस घेऊन आयबीएमला विकून टाकली.

व्यवहार दोन टप्प्यांत झाला. आधी मायक्रोसॉफ्टच्या पॉल अ‍ॅलन यांनी बोलणी करून सुमारे २५ हजार डॉलरला ८६-डॉसच्या वापराचा परवाना मिळवला. खरं गिऱ्हाईक कोण, हे सिएटलच्या कंपनीला सांगितलं नाही. आयबीएमच्या यंत्रावर ती चालवण्याचं काम मायक्रोसॉफ्टच्या बॉब ओ’रिअर यांनी सुरू केलं. मे १९८१ मध्ये पॅटरसन मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाला, तेव्हा कुठे त्याला आयबीएमचं नाव कळलं. जुलैमध्ये आणखी ५० हजार देऊन मायक्रोसॉफ्टने सगळे हक्क घेतले आणि १२ ऑगस्टला आयबीएम पीसी जाहीर झाला. पीसी-डॉस १.० म्हणून त्याच्याबरोबर आली ती ८६-डॉसचीच सुधारलेली आवृत्ती.

आयबीएमला मात्र मायक्रोसॉफ्टने डॉस विकली नाही, वापरायला दिली. इतर कंपन्यांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. पीसीसारखे संगणक इतरांनी काढायला सुरुवात केली तेव्हा प्रत्येकाला डॉससाठी मायक्रोसॉफ्टच्याच दारात जावं लागलं. गेट्स यांचं श्रेय शोधायचं ते या कलमात; कोडमध्ये शोधलं तर सापडणार नाही.

ब्रॉक यांनीही हक्क विकताना एक कलम राखलं होतं : आपल्या यंत्रांबरोबर डॉस फुकट द्यायची मुभा. पुढे कंपनी डबघाईला आली तेव्हा या मुभेचीच किंमत केवढी झाली हे त्यांच्या ध्यानात आलं. मायक्रोसॉफ्टने आक्षेप घेतला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने दहा लाख डॉलरच्या घरातली रक्कम मोजून तडजोड केली. मूळ खरेदीसाठी दोन्ही टप्प्यांत मिळून तिने मोजले होते ७५ हजार.