दाह सांध्यांत, झळ हृदयाला

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांचीच वस्ती. आमवाताचा रुग्ण इथे सांध्यांसाठी एक जिना चढतो आणि हृदयासाठी, वेळ आलीच तर, दुसरा. दोन्ही फायली एका टेबलावर क्वचितच येतात.

आमवातात, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. भारतात दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला हा आजार असतो, आणि त्यात बायकाच जास्त. सकाळी तासभर मूठ वळत नाही, एवढेच घरच्यांना दिसते. पण दाह पेटवणारी द्रव्ये रक्तातून फिरतात आणि रोहिण्यांच्या अस्तरालाही सोडत नाहीत. हृदयविकाराचा धोका त्यामुळे सुमारे दीडपट होतो.

इथे फसवतो तो कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट. दाह भडकलेला असताना एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उलट कमी दिसते आणि आजार आटोक्यात आला की थोडे वर चढते. मग खापर फुटते आमवाताच्या औषधावर. खरा धोका मात्र आकडा 'छान' होता, तेव्हाच जास्त होता.

मग दाह शमवला की हृदय वाचते का? 2017 साली 'कँटोस' चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे दाहशामक इंजेक्शन तपासले गेले. एलडीएल जागचे हलले नाही, तरी झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. पुढच्याच वर्षी आमवातावरच्या स्वस्त, जुन्या मेथोट्रेक्सेटची हृदयासाठीची अशीच चाचणी फसली. पण तिच्यात आमवाताचे रुग्ण घेतलेच नव्हते, हे बातमीत हरवले. आमवातात हे औषध नियमित घेणाऱ्यांना हृदयाचा त्रास कमी होतो, असेच निरीक्षणांतून दिसते. तेव्हा ती बातमी वाचून गोळी बंद करू नये. आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नव्हे.

सगळीच दाहशामक औषधे हृदयाची मित्र नाहीत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले डायक्लोफेनॅक दुखणे थांबवते, आजार नाही; वर हृदयाचा धोका वाढवते. स्टिरॉइड लांबले की साखर आणि रक्तदाब चढतात. पन्नाशी ओलांडलेल्या, हृदयाची जोखीम असलेल्या रुग्णांत टोफासिटिनिब हे आमवाताचे औषध जपूनच वापरावे, असे 2022च्या अभ्यासाने दाखवले.

पुढच्या खेपेला सांध्यांच्या डॉक्टरांकडेच रक्तदाब, साखर आणि चरबीच्या तपासण्यांचा विषय काढावा. तंबाखूचा खर्रा खात असाल, तर तेही तिथेच सांगावे.