रेडिओच्या पाठीवरचा १२७

आमच्या भिलाईच्या घरात एक रशियन रेडिओ आहे. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन तंत्रज्ञाकडून बाबांनी तो घेतला होता. लहानपणापासून मला ओढ त्याच्या पाठीची. तिथे एक फिरकी आणि तीन आकडे आहेत: ११०, १२७, २२०. पहिला आणि तिसरा समजत होते. हा मधला १२७ कुठला?

इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी झालेला २ फेब्रुवारी १९५५चा करार, ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, हे सगळं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. सोव्हिएत पथकाचे प्रमुख वेनियामिन दिम्शित्स पुढे त्यांच्या देशाचे उपपंतप्रधान झाले. मला मात्र त्या पथकाच्या पेट्यांमधल्या इस्त्र्या आणि रेडिओंचं कुतूहल.

१२७चं कोडं शाळेतल्या गणितानं सुटतं. थ्री-फेजच्या दोन तारांमध्ये २२० व्होल्ट असतील, तर एक तार आणि न्यूट्रल यांच्यात २२० भागिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे १२७. आपले २३० असेच ४०० मधून निघतात. सोव्हिएत शहरांत तेव्हा घरोघरी १२७ होते. पुढे हळूहळू २२० आले, कारण त्याच जाडीच्या तारेतून पावणेदोनपट वीज मिळते.

खरी गंमत पिनांची. रशियन टू-पिनमधलं अंतर १९ मिलिमीटर. आपलं पाच अँपचं सॉकेट १९३४च्या ब्रिटिश मानकातलं; त्यातलं अंतर पाऊण इंच, म्हणजे १९.०५. इंच आणि मिलिमीटर असे एका भोकात भेटले! पण रशियन पिन चार मिलिमीटर जाडीची आणि आपलं भोक पाचाचं. पिन आत जाते, डुगडुगते, ठिणग्या टाकते. मग आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय: आगकाडी खोचायची. (कृपया खोचू नका.)

बसलं म्हणजे जमलं, हा भ्रम इथूनच सुरू होतो. १२७ची इस्त्री २३० वर लावली तर उष्णता दुप्पट नव्हे, सव्वातीनपट होते, कारण हिशेब वर्गाचा आहे. आणि सोव्हिएत घरांत १२७ आणि २२० दोन्हींना प्लग एकच! सावधगिरीचा सगळा भार त्या फिरकीवर. माझ्या मते हा शुद्ध बेजबाबदारपणा होता. प्लगच्या आकारानं माणसाला अडवायला हवं. ब्रिटिशांचं बाकी काही असो, पाच आणि पंधरा अँपच्या पिना त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

परवा भाची नोकरीसाठी रिओला निघाली. ब्राझीलमध्ये आजही तोच घोळ आहे: रिओत १२७, ब्रासिलियात २२०, सॉकेट मात्र सारखंच. तिला म्हटलं, चार्जरच्या पाठीवर १०० ते २४० छापलंय, तो खुशाल ने. पिना तेवढ्या बदलून घे. मिक्सर नेऊ नकोस, नुसता कण्हत राहील. आणि इथली केटल तिथे तीस टक्केच तापेल, चहाला तिप्पट वेळ लागेल.

"मग मी कॉफी पिईन, मामा."

"तिलाही पाणी उकळावंच लागतं."

तरी केटल बॅगेत गेलीच.