बोअर बदललेली वेब्ली

जुन्या रिव्हॉल्व्हरचे बोअर नेहमीच्या मापाचे नसेल, तर एकतर तो कारखान्यातला चाचणी-नमुना असतो, नाहीतर मागाहून कोणीतरी केलेला फेरफार. नमुन्याला संग्राहक मोठी किंमत मोजतात. फेरफार केलेले हत्यार हातात फुटू शकते. वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात.

बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे .४५५ बोअरचे ‘मार्क ६’ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिथे .४५५ची काडतुसे दुर्मीळ होती, .४५ एसीपीची मुबलक. विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू तासली आणि अर्धचंद्राकृती क्लिपमधून तीन-तीन काडतुसे बसवली. काडतूस बसले, दाबाचा हिशेब मात्र चुकला. .४५५चा कमाल दाब सुमारे ९०० बार, तर .४५ एसीपीचा सुमारे १,४५० बार. चाचणीगृहात मुद्दाम जादा दाबाचे काडतूस उडवून हत्याराची परीक्षा घेतात. तो दाबही नेहमीच्या दाबाच्या जेमतेम तीस टक्के वर असतो. म्हणजे फेरफारानंतर झाडलेली प्रत्येक गोळी परीक्षेपेक्षा कठीण. पन्नास गोळ्या सुखरूप सुटल्या म्हणून एक्कावन्नावीची हमी मिळत नाही, कारण पोलाद हळूहळू थकते.

स्मिथ अँड वेसनच्या काही युद्धकालीन ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्व्हरांची चेंबरही अशीच मूळ काडतुसाऐवजी .३८ स्पेशलसाठी खोल केली गेली. हे काडतूस लांब पण अंगाने बारीक. त्यामुळे रुंद चेंबरमध्ये त्याचे कवच फुगते, कधी चिरते.

खऱ्या नमुन्याची गोष्ट वेगळी. १९२०च्या दशकात वेब्लीने .३८ बोअरचे नवे रिव्हॉल्व्हर चाचणीसाठी दिले. सैन्याने मात्र एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात त्याच धर्तीचे दुसरे घडवले. वेब्लीने भरपाई म्हणून २,२५० पौंड मागितले, मिळाले १,२५०. अशा नमुन्याची ओळख कारखान्याच्या नोंदवहीवरून पटते. विक्रेत्याने सांगितलेल्या कहाणीला पुरावा म्हणत नाहीत.

भारतात .३८ आणि .४५५ ही प्रतिबंधित बोअर मानली जातात. परवानाधारक नागरिकाच्या वाट्याला बहुधा येते .३२. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हरही वेब्लीच्याच ‘मार्क ४’वरून घडलेले. त्यामुळे आजोबांच्या वेब्लीचे बोअर बदलून ती ‘कायद्यात बसवावी’ असा विचार सुचू शकतो. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मायक्रॉनच्या अचूकतेने काम करणारी यंत्रे आहेत. पण नेमके तासणे आणि दाब पेलणे ह्या वेगळ्या गोष्टी. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ विनापरवाना फेरफाराला मनाई करते. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. वारशाने आलेले आणि परवान्यात न बसणारे हत्यार कलम २१प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावे.