‘हाय रिस्क’ म्हणजे नेमकं किती?

गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी होते, त्याच वेळी डॉक्टर ‘डबल मार्कर’ लिहून देतात आणि काही दिवसांत लॅबचा रिपोर्ट हातात पडतो. त्यावर आईचं वय आणि वजन असतं, सोनोग्राफीत मोजलेली बाळाची लांबी असते, मानेमागच्या द्रवाची जाडी म्हणजे ‘एनटी’ असते, रक्तातल्या दोन घटकांची पातळी असते आणि खाली एक गुणोत्तर असतं. समजा, 1:180. शेजारी ठळक अक्षरांत ‘हाय रिस्क’. घरचे ती ठळक अक्षरं वाचतात आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. गुणोत्तराकडे कुणाचं लक्ष जात नाही. वास्तविक त्या गुणोत्तराचा अर्थ असा, की असाच रिपोर्ट आलेल्या 180 जणींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि 179 जणींच्या बाळांना नसेल. या चाचण्या उपयोगाच्या आहेत यात वाद नाही. मात्र आकड्याचा अर्थ समजला तरच त्या उपयोगी पडतात, आणि तो अर्थ रक्त काढण्याआधी सांगायला हवा. रिपोर्ट आल्यावर सांगितलं तर ते धास्तावलेल्या कानांवर पडतं.

डाउन सिंड्रोममध्ये 21व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही. स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि वयाबरोबर ही शक्यता वाढते. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी ती ढोबळमानाने साडेबाराशे ते पंधराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक असते. असं असलं तरी मुलं जास्त होतात ती तरुण आयांनाच. त्यामुळे फक्त पस्तिशीपुढच्या बायकांची तपासणी केली, तर बरीचशी बाळं नजरेतून सुटतात. म्हणून चाचणी सगळ्यांनाच सुचवली जाते. डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातले पॅप-ए आणि बीटा एचसीजी मोजून ते त्या आठवड्याच्या नेहमीच्या पातळीशी ताडून पाहतात. गर्भाचे दिवस मोजण्यात चूक झाली, की पुढचं सगळं गणित चुकतं.

दुसरी, नवी चाचणी म्हणजे ‘एनआयपीटी’. आईच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे सुटे तुकडे फिरत असतात, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997मध्ये दाखवलं. 2011पासून ही चाचणी बाजारात आली. दहाव्या आठवड्यानंतर आईचं रक्त एका खास नळीत घेतात. आईच्या रक्तपेशी फुटून त्यांचा डीएनए नमुन्यात मिसळू नये, याची सोय त्या नळीत असते. मग तुकडे मोजून 21व्या गुणसूत्राचा वाटा वाढलाय का, ते पाहतात. 2015मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 15,841 गर्भवतींची दोन्ही पद्धतींनी तपासणी झाली होती. त्यांच्यापैकी 38 गर्भांना डाउन सिंड्रोम होता. जुन्या पद्धतीने 884 जणींना धोक्याचा इशारा दिला. त्यातले खरे निघाले 30, आणि आठ गर्भ सुटले. नव्या पद्धतीने 47 जणींना इशारा दिला आणि सगळेच्या सगळे 38 गर्भ त्यात सापडले.

फरक मोठा आहे, पण 47तले नऊ इशारे खोटे होते हेही त्याच आकड्यांत आहे. शिवाय इशाऱ्याचं वजन वयानुसार बदलतं. याच अभ्यासातलं खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण धरून हिशेब करू. पंचविशीतल्या एक लाख गर्भवतींमध्ये सुमारे 80 गर्भ बाधित असतील आणि 60 जणींना खोटा इशारा मिळेल. म्हणजे इशारा मिळालेल्या शंभरातल्या 57 जणींच्याच बाबतीत तो खरा. चाळिशीतल्या एक लाख जणींत बाधित गर्भ हजारभर आणि खोटे इशारे तेवढेच 60; इथे शंभरात 94 खरे. ‘99 टक्के अचूक’ अशी जाहिरात वाचून पंचविशीतल्या मुलीने घेतलेला अर्थ आणि तिच्या रिपोर्टचा खरा अर्थ, यात एवढं अंतर पडतं. दुर्मिळ सूक्ष्म त्रुटींच्या चाचण्यांत तर ते आणखी वाढतं. अमेरिकेच्या एफडीएने 2022च्या एप्रिलमध्ये, अशा रिपोर्टवर विसंबून गर्भाबाबत निर्णय घेऊ नका, असा इशारा दिला होता.

चूक होण्याचं कारण जीवशास्त्रात आहे. ‘गर्भाचा’ म्हणून मोजला जाणारा डीएनए मुख्यतः वारेतून येतो, आणि क्वचित वारेत दोष असून बाळ ठणठणीत असतं. जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच विरून गेला असेल, तरी गफलत होते. म्हणून ही चाळणी आहे, निदान नव्हे. एमपीएससीची पूर्वपरीक्षा पार केली म्हणून कुणी उपजिल्हाधिकारी होत नाही. पक्कं निदान करायचं तर वारेचा नमुना किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासावं लागतं. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. अनुभवी हातांनी केल्यास हजारात एक ते तीन.

यावर काही जण म्हणतील, की गर्दीच्या ओपीडीत हे सगळं सांगायला वेळ कुणाला आहे, आणि सांगितलं तरी कळणार कुणाला? कळतं. टक्केवारी अवघड जाते; ‘शंभर बायकांपैकी इतक्या’ हे दहावी न झालेल्या बाईलाही समजतं. वेळेबद्दल म्हणाल, तर कायद्यानेच हा प्रश्न निकालात काढला आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचं पाचवं कलम सांगतं, की प्रसवपूर्व निदानाच्या प्रक्रियेआधी तिचे दुष्परिणाम समजावून सांगावेत आणि त्या बाईला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गर्भजल परीक्षणाचा वापर मुली नाकारण्यासाठी झाला, म्हणून महाराष्ट्राने 1988मध्ये देशातला पहिला कायदा केला. मग आता अपंग मुलं नाकारण्याची वाट आपण मोकळी करतोय का? ही भीती पोकळ नाही. डाउन सिंड्रोम असलेली अनेक माणसं आज साठीपर्यंत जगतात, शिकतात, कामं करतात. समुपदेशनात हे सांगितलं गेलं नाही, तर निवड एकतर्फी होते. पण चाचणीचा उपयोग गर्भपातापुरताच नाही. अशा सुमारे निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, आणि तो आधी कळला तर प्रसूती कुठे करायची हे ठरवता येतं. माहिती दडवून आदर वाढत नाही. ती पूर्ण दिल्याने वाढतो.

रक्त काढल्यापासून गर्भजलाच्या रिपोर्टपर्यंत अठरावा-विसावा आठवडा उजाडू शकतो, आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर चोविसाव्या आठवड्यापुढे गर्भपाताचा प्रश्न वैद्यकीय मंडळाकडे जातो. घाई इथूनच सुरू होते. म्हणून जोडप्याने सुई टोचण्याआधीच विचारावं: माझ्या वयात ‘हाय रिस्क’ आलं तर शंभरात किती वेळा खरं ठरतं, पुढची तपासणी कोणती, आणि उत्तर कळल्यावर आम्ही काही वेगळं करणार आहोत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल आणि तयारीसाठीही जाणून घ्यायचं नसेल, तर चाचणी नाकारणं हाही तितकाच विचारी निर्णय आहे, आणि डॉक्टरांनी तो तसाच मानला पाहिजे.