पेशंट बदलापुरात, प्रश्न मुंबईत

बदलापूर स्टेशनवर पहाटेच्या लोकलची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना माझे म्हणणे लवकर कळेल. त्या गर्दीत डबा घेऊन नोकरीला निघालेली माणसे असतात, तशी हातात रिपोर्टची फाईल घेतलेलीही असतात. ती केईएमला, जेजेला किंवा शीवला निघालेली असतात. दादरपर्यंत सव्वा-दीड तास, मग ओपीडीची रांग, डॉक्टरांसमोर पाच-दहा मिनिटे आणि संध्याकाळच्या गर्दीतून परत. एका सल्ल्यापायी अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी करणारा किंवा उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात पीसवर काम करणारा माणूस असा दिवस वर्षातून एकदा काढील, दर तीन महिन्यांनी काढणार नाही. मधुमेह मात्र दर तीन महिन्यांनी हिशेब मागतो.

मी अंबरनाथला फॅमिली डॉक्टर आहे. तिन्ही गावांतले पेशंट माझ्याकडे येतात आणि त्यांत मधुमेहाचे पुष्कळ. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या सगळ्यांना तपासायला तज्ज्ञ कुठून आणायचे? बहुतेकांचा उपचार आमच्यासारख्या साध्या डॉक्टरांनीच करायचा आहे. पण आमचीही गाडी कधी कधी अडते.

माझी कशी अडली ते सांगतो. बदलापूरचे एक गृहस्थ, वय पन्नाशीचे, सहा वर्षे इन्सुलिनवर. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी त्यांच्या बाबतीत साडेनऊच्या खाली येईना. अनेक पेशंटसाठी ती सातच्या आसपास असावी, असे आम्ही पाहतो. ते म्हणत, “डॉक्टर, गोड तर मी बंदच केलंय हो.” माझा विश्वास बसेना. मी दोनदा डोस वाढवला. तज्ज्ञांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली, ती त्यांच्या खिशातच राहिली.

शेवटी त्यांची परवानगी घेऊन मी मुंबईतल्या ओळखीच्या मधुमेहतज्ज्ञ मॅडमना ई-मेल केला. एकच ओळ लिहिली, ‘इन्सुलिन वाढवूनही शुगर कंट्रोल होत नाही, काय करू?’ उत्तरादाखल प्रश्नच आले. कोणते इन्सुलिन, किती, केव्हा? घरी मोजलेली साखर कोणत्या वेळेची? क्रिएटिनिन किती? बाकी औषधे कोणती? आणि सुई कुठे टोचतात? त्या जागेचा फोटो पाठवा.

मी त्यांना टेबलावर झोपवून पोटाला हात लावला. बेंबीच्या दोन्ही बाजूंना मऊ, रबरासारख्या गाठी. विचारले, “इथेच टोचता का?” म्हणाले, “हो, इथे दुखत नाही ना!” एकाच जागी वर्षानुवर्षे सुई टोचली की कातडीखाली चरबीची गाठ धरते. तिथे दुखत नाही म्हणून पेशंट तीच जागा धरतो. पण गाठीत दिलेले इन्सुलिन रक्तात कधी कमी, कधी उशिरा पोचते. मी डोस वाढवत होतो आणि तो गाठीत अडकत होता. ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते, मीच पोट तपासले नव्हते.

मॅडमनी लिहिले, ‘जागा बदला, पण आधी डोस कमी करा. चांगल्या जागेतून इन्सुलिन पूर्ण लागू पडेल आणि साखर एकदम खाली जाईल.’ हे दुसरे वाक्य नसते, तर गाठ सापडल्याच्या आनंदात मी त्यांना बेशुद्धीच्या दारात नेले असते. साखर रोज मोजत डोस बसवला. तीन महिन्यांनी आकडा आठच्या खाली आला. नवे औषध नाही, मुंबईची फेरी नाही.

या पद्धतीला ई-कन्सल्ट म्हणतात. डॉक्टरने डॉक्टरला प्रश्न लिहून पाठवायचा, तज्ज्ञाने सवडीने उत्तर द्यायचे. कॅनडात ओटावा इथे क्लेअर लिडी या फॅमिली डॉक्टर आणि एरिन कीली या हार्मोन्सच्या तज्ज्ञ, अशा दोघींनी २०१० मध्ये अशी सेवा सुरू केली. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेल्या ई-संजीवनीतून २०१९ पासून सरकारी आरोग्य केंद्रे दूरच्या डॉक्टरांशी जोडली जाऊ लागली. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीने डॉक्टरने डॉक्टरला दुरून विचारण्यालाही मान्यता दिली. मात्र उपचाराची जबाबदारी पेशंट ज्याच्या हाती आहे, त्या डॉक्टरचीच राहते. ते योग्यच आहे, कारण पोटाला हात मॅडम लावू शकत नव्हत्या.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. उल्हासनगरात सिंधी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि या समाजात थॅलसेमियाचे वाहक जास्त आढळतात. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण त्याची एचबीए१सी फसवी येऊ शकते. लोह कमी असल्यानेही हा आकडा चढलेला दिसू शकतो. घरची साखर आणि हा आकडा जुळत नसेल, तर गोळी बदलण्याआधी तज्ज्ञाला विचारावे. असा प्रश्न लिहून सहज सुटतो.

सगळेच लिहून सुटत नाही. पायाची जखम काळी पडली, उलट्यांबरोबर धाप लागली, शुद्ध हरपू लागली, छातीत दुखले, तर उत्तराची वाट पाहू नये. मध्यवर्ती रुग्णालय असो वा दुसरे, जे जवळ असेल ते गाठावे. डोळ्यांचा पडदा आणि पाय यांची वर्षातून एकदा तपासणीही प्रत्यक्षच व्हायला हवी.

तुमच्याकडून काय हवे? एक वही. साखर किती आणि केव्हा मोजली, जेवणाआधी की नंतर, हे तिच्यात लिहा. घेत असलेल्या सर्व औषधांची पाकिटे दाखवा, काढे-चूर्णेही लपवू नका. इन्सुलिन घेत असाल तर दर वेळी जागा थोडी बदला आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना आपणहून सांगा, “जरा सुईची जागा बघता का?” मी आता प्रत्येकाची बघतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)