तुमसरचे ‘हॉटेल’

विदर्भातल्या तुमसरात ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. रस्त्याकडेला पेटलेली भट्टी, तिच्यावर कढई, काचेच्या कपाटात आलूबोंडे, दोन-चार बाकडी आणि गल्ल्यावर मालक, एवढे असले की हॉटेल झाले. झोपायला लॉज आणि जेवायला भोजनालय, ही वाटणी महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी दिसते. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात हाच शब्द दारू मिळण्याच्या ठिकाणाला चिकटला, कारण मद्यविक्रीचा परवाना हवा तर मालकाला वाटसरूंसाठी खोल्याही ठेवाव्या लागत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पाराचिल्ना या मूठभर वस्तीच्या ठिकाणी १८७६ साली बांधलेले प्रेअरी हॉटेल १९९१ मध्ये तिथल्याच एका पशुपालक कुटुंबाने घेतले. तिथे कांगारू आणि एमूबरोबर उंटाचेही मांस ताटात येऊ लागले. या उंटांचे बहुतेक पूर्वज अखंड हिंदुस्थानातून, उंटवाल्यांसकट, तिकडे नेलेले.

तुमसर असे निर्जन कधीच नव्हते. धानाच्या मुलखातली ही जुनी बाजारपेठ. मुंबई-हावडा मार्गावरचे तुमसर रोड स्थानक मात्र गावात नाही, देव्हाडीला आहे, आणि तिरोडीकडे जाणारी शाखा तिथूनच फुटते. गाडी बदलायची म्हणजे थांबणे आले, आणि थांबलेल्या माणसाला काही तरी गरम लागते. तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते. त्या चालवणाऱ्या ‘मॉईल’ या कंपनीची मुळे १८९६ च्या ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’पर्यंत जातात. पाळीवरून सुटलेला मजूर, धान विकायला आलेला शेतकरी आणि गाडीची वाट पाहणारा प्रवासी, अशा तिघांवर हा धंदा चालतो.

चहा तसा उशिराचा पाहुणा. पूर्वी आल्यागेल्यापुढे गूळपाणी ठेवत. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून देशात चहाचा प्रचार सुरू झाला. पुढच्या काही दशकांत तो खेड्यापाड्यांत पोचला. पण या पाहुणचाराला जातीधर्माचे कुंपण होते. स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ वेगळे असे. अस्पृश्य मानलेल्यांना हॉटेलाबाहेर उभे राहून वेगळ्या कपात चहा घ्यावा लागे, तोही मिळाला तर. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली केली. घटनेने ज्याची नावानिशी दखल घ्यावी इतके हॉटेल हे ठिकाण महत्त्वाचे होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

घरचे हॉटेल घराच्या वेळेवर चालत नाही. पहाट फुटायच्या आत भट्टी पेटते. बटाटे उकडणे, सोलणे, बेसन भिजवणे ही कामे बहुधा मागच्या घरात बायका करतात, कढईपुढे बाप किंवा थोरला मुलगा असतो, आणि शाळेतून आलेले पोर कपबश्या विसळते. या बायकांच्या कामाला पगार नसतो आणि पाटीवर त्यांचे नावही नसते. तरी पदार्थाची चव ठरते ती त्यांच्या हाती. सकाळी पोहे आणि वर चण्याची तर्री, दुपारनंतर आलूबोंडा, समोसा, मुंगवडे. तर्री पुन्हा मागितली तर सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. ‘बसा जी’ म्हणत बाकडे पुसले जाते. त्या ‘जी’त झाडीबोलीचा, म्हणजे इथल्या बोलीचा, सगळा आदर असतो, मग गिऱ्हाईक तहसीलदार असो की हमाल.

ओळखीच्या गिऱ्हाइकाचा हिशेब वहीत मांडला जातो. खाणीतला माणूस पगाराला देतो, शेतकरी धान निघाल्यावर. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला की वहीतली पाने उलटत नाहीत आणि तेलाच्या डब्याचे पैसे हॉटेलवालाही किराणा दुकानात उधार ठेवतो. अलीकडे गल्ल्यावर क्यूआर कोडचा फलक आला आहे आणि काचेच्या गिलासाजागी कागदी कप. वही अजून त्या फलकाच्या मागेच असते.