वाळूवरची बिनशेपटीची मांजर

चांगली धडधाकट मोटार घ्यायची, तिचे वरचे सारे कवच उतरवायचे, उरलेल्या चासीच्या मधोमध सव्वाचौदा इंचांचा तुकडा कापून काढायचा आणि उरलेली दोन टोके पुन्हा वेल्डिंगने एक करायची! हा उद्योग मला कुणी कोल्हापुरात सुचवला असता, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावले असते. पण २०२२ सालच्या दिवाळीत हाच उद्योग मी स्वतः केला. तोही सातासमुद्रापार, कॅलिफोर्नियात, आमच्या चिरंजीवांच्या गराजमध्ये. आणि वाचकहो, एकदा नव्हे, दोनदा केला. दोनदा का, ते पुढे येईलच.

मी उद्यमनगरातला माणूस. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेले वर्कशॉप मी छत्तीस वर्षे चालवले. ऑइल इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग हे आमचे काम. मुलगा हुशार निघाला, संगणकाच्या धंद्यात शिरला आणि अमेरिकेत स्थायिक झाला. यात त्याचा काही अपराध नाही. पण २०१९ साली माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा वर्कशॉप सांभाळायला घरात कुणी नव्हते. वडिलांचा लेथ वजनाच्या भावाने गेला. त्या दिवसापासून आम्हा बापलेकांच्या बोलण्यात काहीतरी अडकले. फोनवर हवापाणी, तब्येत, नातीची शाळा, एवढे झाले की संपले. वर्कशॉपचे नाव दोघेही काढीत नसू.

सप्टेंबरात आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो. पहिल्याच सकाळी गराजमध्ये ताडपत्रीखाली मला एक लाल, गुळगुळीत वस्तू दिसली. आंघोळीच्या टबाला चाकांवरची गोल छपरे फुटावीत, तसा तिचा आकार. शेजारी एक गंजकी फोक्सवॅगन बीटल उभी.

"हे काय रे?"

"बग्गीचे किट आहे, आबा. जोडायचे राहिले आहे."

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षे."

मी काही बोललो नाही. पण दुपारी पेटीतले पाने मोजून ठेवले.

एका होडीवाल्याची मोटार

या टबाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. त्याचा जनक ब्रूस मायर्स. जन्म १९२६ चा, लॉस एंजलिसचा. दुसऱ्या महायुद्धात तो 'बंकर हिल' या विमानवाहू युद्धनौकेवर होता. मे १९४५ मध्ये जपानी आत्मघातकी विमाने तिच्यावर कोसळली, शेकडो माणसे गेली, हा वाचला. पुढे तो फायबरग्लासच्या होड्या बनवण्यात तरबेज झाला. पिस्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर जुन्या मोटारींचे अवजड सांगाडे घेऊन धडपडणारी मंडळी त्याने पाहिली, आणि त्याच्या मनात आले की होडीसारखी हलकी मोटार का करू नये?

न्यूपोर्ट बीचमधल्या आपल्या गराजमध्ये त्याने १९६४ साली पहिली बग्गी उभी केली. तिचे नाव 'ओल्ड रेड'. इंजिन आणि इतर यंत्रभाग बीटलचे. ते घेण्यात मोठे शहाणपण होते. बीटलचे इंजिन मागे असते, त्यामुळे वजन मागच्या, म्हणजे जोर लावणाऱ्या चाकांवर पडते आणि वाळूत पकड मिळते. ते हवेने थंड होते. रेडिएटर नाही, म्हणून वाळवंटात पाणी उकळण्याची भीती नाही. चार बोल्ट सोडले की इंजिन गिअरबॉक्सपासून मोकळे होते. आमच्या भाषेत सांगायचे, तर यंत्र गरिबाचे, पण गुणाचे.

पहिल्या डझनभर गाड्यांना स्वतंत्र चासी नव्हती. होडीसारखे कवच हाच सांगाडा. ते काम खर्चाचे पडले. मग मायर्सने बीटलची चासीच आखूड करून तिच्यावर कवच बसवण्याची युक्ती काढली. हेच ते सव्वाचौदा इंच! गाडी आखूड झाली, म्हणून चटकन वळू लागली. शेपूट नसलेल्या मँक्स मांजरीवरून तिला नाव पडले 'मायर्स मँक्स'. गिऱ्हाइकाने कवचाचे किट न्यायचे, जुनी बीटल शोधायची आणि घरी गाडी जोडायची, असा हा मामला.

१९६७ च्या एप्रिलमध्ये मायर्स आणि त्याचा मित्र टेड मँगल्स यांनी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातून ला पास ते तिहुआना हे खडकाळ अंतर ३४ तास ४५ मिनिटांत तोडले. मोटारसायकलचा आधीचा विक्रम पाच तासांनी मागे पडला. त्याच वर्षाअखेरीस तिथे पहिली 'मेक्सिकन १०००' शर्यत झाली. तीही मँक्सनेच मारली. १९६८ च्या 'द थॉमस क्राउन अफेअर' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने ती समुद्रकाठी उधळली, आणि मग मागणीला पार उरला नाही.

पण होडीवाल्याच्या कलेत एक खोट असते. फायबरग्लासचे तयार कवच हाती आले की त्याच्यावरून दुसरा साचा काढता येतो. जो तो साचे काढू लागला. मायर्स पेटंट घेऊन न्यायालयात गेला. न्यायालयाने पेटंट ग्राह्य धरले नाही. त्याच्या कारखान्यातून पाच-सहा हजार किटे गेली असतील. नकला लाखांच्या हिशेबात निघाल्या. १९७१ मध्ये कारखाना बंद पडला. मायर्स इतका दुखावला की पुढे कित्येक वर्षे त्याने बग्गीचे नाव टाकले.

हे वाचताना मला आमचा लेथ आठवला, हे कबूल करतो.

मात्र गोष्ट तिथे संपली नाही. जुन्या बग्ग्या सांभाळणाऱ्या हौशी लोकांनी म्हाताऱ्याला हुडकून काढले आणि २००० साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्याने किटे पुन्हा विकायला आणली. 'ओल्ड रेड'ची २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. २०२० मध्ये त्याने धंदा नव्या मालकांच्या हाती दिला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तो वारला. आमच्या गराजमधले किट त्याच्या हयातीतले, पुन्हा सुरू झालेल्या त्याच कारखान्यातले.

तीन सूत

आता कामाची हकिगत. जुनी बीटल मिळणे हल्ली सोपे नाही. शेवटची बीटल मेक्सिकोत जुलै २००३ मध्ये निघाली आणि उरलेल्या गाड्यांना गंज खातो आहे. आमची बीटल १९६९ ची. कवच उतरवायला दोन शनिवार-रविवार गेले. चिरंजीवांच्या हातात पाना प्रथमच आलेला; नट सोडवायचा की आवळायचा, याचा विचार करण्यात त्याची पाच मिनिटे जात. मी खुर्चीत बसून फर्माने सोडत होतो.

चासी कापायचा दिवस उजाडला. मधल्या बोगद्यातून गिअरची दांडी, क्लचची नळी, अॅक्सिलरेटरची नळी जाते. त्या सांभाळून कापायचे आणि पुढे त्याही तेवढ्याच आखूड करायच्या. खुणा मी खडूने केल्या. मुलगा म्हणाला, "आबा, टाके मारून झाले की पक्के वेल्डिंग करण्याआधी दोन्ही कर्ण मोजू या. पुस्तकात लिहिले आहे."

मी म्हणालो, "छत्तीस वर्षे लोखंड कापले आहे मी. पुस्तक तू वाच."

तो गप्प बसला. मी वेल्डिंग केले. दिसायला झकास! दुसऱ्या दिवशी मी झोपलेला असताना त्याने एकट्यानेच टेप लावला. एका कर्णापेक्षा दुसरा तीन सूत लांब. लेथवर आम्ही सुताचा अंश म्हणजे मोठी चूक मानायचो, आणि इथे तीन सूत! अशी गाडी रस्त्यावर सरळ न चालता कुत्र्यासारखी तिरकी धावते.

हे त्याने मला सांगितले नाही. टेप तसाच चासीवर ठेवला आणि कामावर गेला. मी तो पाहिला, स्वतः मोजले, पुन्हा मोजले. मग दिवसभर कुणाशी बोललो नाही. सौ.ने दोनदा विचारले, "बरे नाही का वाटत?"

संध्याकाळी तो आल्यावर मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुझे ऐकायला हवे होते. पुन्हा कापू या."

तो काही वेळ चासीकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "आबा, लेथ विकल्याचे तुम्ही फोनवर सांगितलेत ना, त्याच आठवड्यात मी हे किट मागवले. म्हटले, निदान काहीतरी हाताने करावे. मग उघडायचा धीरच झाला नाही."

मला काय बोलावे सुचेना. मी म्हणालो, "ग्राइंडर आण."

ती दिवाळी आम्ही गराजमध्ये काढली. नात दारात किल्ला करत होती, सौ. चकल्यांचे ताट आणून ठेवत होती, आणि आम्ही आमचाच जोड कापत होतो. या वेळी चासी सपाट लोखंडी चौकटीला आवळून बांधली, दोरी ताणली, टाके मारले, मग कर्ण मोजले. एकदा मी मोजले, एकदा त्याने. दोन्ही आकडे जुळले. शेवटचे वेल्डिंग त्याने केले. ते दिसायला माझ्याइतके देखणे नव्हते. गांडुळे चिकटवल्यासारखे होते. पण पक्के होते.

पिस्मोच्या वाळूत

फेब्रुवारीत गाडी ट्रेलरवर घालून आम्ही पिस्मोजवळच्या ओशियानो टेकड्यांवर नेली. तिथे ठरवून दिलेल्या भागात वाळूवर गाड्या चालवू देतात. मात्र चढावापलीकडून येणाऱ्याला दिसावी म्हणून गाडीला उंच काठीवर झेंडी लावावी लागते. टायरमधली बरीच हवा सोडली, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही.

चिरंजीव चाकावर, मी शेजारी. किनाऱ्यावर सपाटीला त्याने एकदा स्टिअरिंगवरचे हात किंचित सैल सोडले. गाडी नाकासमोर सरळ गेली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी समुद्राकडे पाहिले. मग पहिली टेकडी आली. इंजिन गुरगुरले, मागची चाके वाळू उडवू लागली, आणि पोटात गोळा येईतो आम्ही वर पोचलो. खाली पॅसिफिक महासागर पसरला होता. माझे गुडघे, तुम्हाला खरे सांगतो, त्या दिवशी एकदाही दुखले नाहीत.

परत आल्यावर मी वडिलांचा पोलादी गुण्या, जो लेथबरोबर विकायचा मला धीर झाला नव्हता, कापडात गुंडाळून अमेरिकेला धाडला. हल्ली त्याचा फोन दर रविवारी येतो. परवा म्हणाला, "आबा, कार्बोरेटर खोकतो आहे, काय करू?" जेटपासून सुरुवात झाली ती तासभर चालली. हवापाण्याचा विषय राहूनच गेला.